मंदी आली, हे कळतं कधी?

(हातात पुठ्ठ्याचं खोकं घेऊन)

हे खोकं आमच्या परळच्या रद्दीवाल्याकडून उसनं आणलंय. तो म्हणतो, "पुठ्ठ्याचा भाव पडला की समजायचं, धंदा बसला." माणूस खुळा नाही हं! साबण, पंखे, बिस्किटं, सगळं खोक्यातूनच जातं. माल निघेना झाला की खोक्यांची मागणी घटते. पण परदेशातून स्वस्त रद्दी आली तरी हाच भाव पडतो. म्हणजे बाजार जोरात, आणि आमचा रद्दीवाला मंदी जाहीर करून मोकळा.

नमस्कार मंडळी. आजचा प्रश्न एवढाच: अर्थव्यवस्था वळते, ते वळतानाच कळतं का?

अमेरिकेत हे ठरवायला एक समितीच आहे, एनबीईआर या आर्थिक संशोधन करणाऱ्या संस्थेची. रोजगार, उत्पन्न, विक्री, कारखान्यांचं उत्पादन, सगळं तपासून ती तेजीचं टोक आणि मंदीचा तळ कुठल्या महिन्यात आला ते सांगते. तिथली तेजी संपली डिसेंबर २००७ मध्ये. समितीने ते जाहीर केलं १ डिसेंबर २००८ ला! मधल्या काळात लेहमन ब्रदर्स ही तिथली बडी बँक बुडालीसुद्धा. वरातीमागून घोडं, दुसरं काय. २०२० ची मंदी तर दोनच महिन्यांची. एप्रिलमध्ये तळ आला, आणि तो तळ होता हे सांगितलं जुलै २०२१ मध्ये.

पण मला समितीला हसावंसं वाटत नाही, कारण आकडे मागाहून बदलतात. २०२२ च्या पहिल्या दोन्ही तिमाहींत अमेरिकेचा जीडीपी घटला, असं आधी आलं. सलग दोन तिमाही उणे म्हणजे मंदी, हा टीव्हीवरचा लाडका हिशेब. समिती गप्प राहिली. दोन वर्षांनी आकडे सुधारले, तर दुसरी तिमाही वाढीची निघाली!

ज्यांना एवढं थांबायचं नाही, त्यांच्यासाठी क्लॉडिया साम या अर्थतज्ज्ञ बाईंचा नियम आहे. बेरोजगारीच्या दराची तीन महिन्यांची सरासरी काढायची. मागच्या १२ महिन्यांत ही सरासरी जितकी खाली गेली होती, त्याच्या वर ती ०.५ टक्केबिंदू सरकली (समजा ४ टक्क्यांवरून ४.५ वर) की मंदीची घंटा. ही घंटा लवकर वाजते. पण २०२४ च्या जुलैच्या आकड्यांवर वाजली, आणि मंदी काही आली नाही. लवकर कळायला हवं असेल तर खोट्या घंटा सोसायच्या. खात्रीच हवी असेल तर वर्षभर कळ काढायची.

आपल्याकडे अशी अधिकृत समितीच नाही. शिवाय आपला वार्षिक जीडीपी क्वचितच उणे जातो. १९७९-८० मध्ये दुष्काळाने गेला, मग थेट २०२०-२१ मध्ये कोविडने. म्हणून अभ्यासक इथे वाढीचा वेग कधी ढेपाळला आणि कधी सावरला, ते शोधतात. नोव्हेंबर २०२० मध्ये, सरकारी आकडा यायच्या आधीच, रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी ताज्या मासिक आकड्यांवरून अंदाज बांधला होता: जुलै ते सप्टेंबरची तिमाही ८.६ टक्के उणे. प्रत्यक्षात आलं ७.५ टक्के उणे. रिझर्व्ह बँकवाल्यांना दिशा अचूक कळली होती, हे मी मोठंच मानतो.

आणि आपली खरी डोकेदुखी तर वेगळीच. दिवाळी! ती तिथीने येते, कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. कामगार गावी जातात, कारखाने थंडावतात. २०२२ मध्ये दिवाळी ऑक्टोबरात आली. त्या महिन्यात औद्योगिक उत्पादन आदल्या वर्षाच्या मानाने ४ टक्क्यांच्या आसपास घसरलं, आणि पुढच्याच महिन्यात ७ टक्क्यांहून जास्त वाढलं. दोन महिन्यांत मंदी आणि तेजी दोन्ही? छे! आदल्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात होती, एवढंच. असे फसवे चढउतार गाळायला वळण शोधणाऱ्या एका जुन्या पद्धतीत अटच आहे: उतार किंवा चढ किमान पाच महिने टिकला नाही तर तो मोजायचाच नाही.

औद्योगिक उत्पादनाचा आकडा हल्ली दर महिन्याच्या २८ तारखेला येतो. त्यात घसरण दिसली तर खाली कॉमेंटमध्ये "मंदी आली" लिहायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. आणि हो, मागच्या वर्षीचंही काढा.

(खोकं उचलत) हे परत द्यायचंय. भाव वाढलाय म्हणे.