तटाआधी रान

(ड्रोन. पहाट. ढगांच्या वर फक्त बालेकिल्ला.)

थोडं थांबू. ढग खाली बसू देत.

(पद्मावती, सुवेळा, मग संजीवनी.)

राजगडाच्या या तीन माच्या. सोंडांसारख्या पसरलेल्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा ऊनपावसानं झिजला आणि हा आकार उरला. मुरुंबदेवाचा डोंगर म्हणायचे याला. शिवाजी महाराजांनी तो हेरला. पुढं रायगड राजधानी होईपर्यंत स्वराज्याचा कारभार इथून चालला.

(तट, जवळून.)

आता तट पाहा. कडा सरळ तुटलाय तिथं बांधकाम नावापुरतं. जिथं माणसाला पाय रोवता येईल, तिथंच दगडावर दगड चढलाय. संजीवनी तर चिंचोळी, दोन्हीकडं उतार. म्हणून तिथं दुहेरी तट. बाहेरचा पडला तरी आतला उभा. मधे जेमतेम उतरण्यापुरती जागा. कॅमेरा घेऊन उतरताना आमचे खांदे घासले.

(पद्मावती तळं, मग कातळातलं टाकं.)

किल्ला बांधायचा तर आधी पाणी बघा, असं रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभाराचे नियम सांगणाऱ्या ग्रंथात, बजावलंय. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करा. झरा असला तरी त्याच्यावर विसंबू नका, लढाईत तोफांच्या दणक्यानं झरे आटतात. टाकं खोदलं की दगडही हाती येतो. पाण्याचा खड्डा आणि तटाचा चिरा, एकाच कातळातले.

(सुवेळा. नेढं, कातळातलं आरपार भोक. फक्त वारा.)

(नेढ्यातून खाली.)

गुंजवणी, कानंदी, वेळवंडी, नीरा. गडाभोवतीची ही खोरी. आणि गडाच्या अंगाला बिलगलेली झाडी, वाड्यावस्त्या, तो घेरा. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही गावांची नावं अजून कागदोपत्री तशीच आहेत. घेऱ्यातली झाडी हीच गडाची राखण, ती तोडू देऊ नये, हाही आज्ञापत्रातला हुकूम. सोपी वाट असेल तर ती मोडावी, तिच्यावर झाडं वाढवावीत आणि अवघड वाट पाडावी. शत्रू तटापर्यंत येण्याआधी त्याला रानाशी झुंजावं लागे. बुरुजांचे फोटो काढताना आपल्या पाठीशी असतं ते हेच रान.

२०२५ साली जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यांत राजगड आहे. त्या नोंदीच्या नावात ‘लष्करी भूप्रदेश’ असे शब्द आहेत. आम्ही त्यातल्या ‘भूप्रदेश’पाशी अडून बसलोय.

(पायथा. गाड्यांची रांग.)

रान विरळ झालं, माती सुटली, की तटाचा पायाही सुटतो.

(संध्याकाळ. गुंजवण्याची वाट.)

ताकाची रिकामी कॅन डोक्यावर घेऊन मावशी घरी निघाल्यात. वाट झाडीत शिरते.

(कॅमेरा त्यांच्या मागून. निवेदन नाही.)