जामीनदाराची सही

(डिचोली तालुक्यातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मी अर्थतज्ज्ञ नव्हे. एका पतसंस्थेत वसुलीला होतो. आमचं गावात स्वागत कसं व्हायचं, ते तुम्ही जाणताच. स्कूटर दिसली की घरातला पुरुष मागच्या दारानं कुळागरात, नारळी-पोफळीच्या बागेत.

दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या रांगेत आहे, हे आपण अभिमानानं सांगतो. ते खोटं नाही. पण याच गोव्यात मी टायर विकून दगडांवर ठेवलेले ट्रक पाहिलेत.

ट्रकाचं कर्ज म्हणजे नोकरीचंच कर्ज. खनिजाच्या ट्रिपा झाल्या तर हप्ता, नाही तर नाही. पावसाळ्यात वाहतूक बंद, म्हणून चवथीला हात आखडायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सप्टेंबर 2012 मध्ये सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, आणि तो पावसाळा संपलाच नाही. खाणींनी शेतं, विहिरी गाळानं भरल्या होत्या हेही खरं. न्यायालयाला मी दोष देत नाही.

माझ्या मते पहिल्या बंदीनं माणसं वाकली, मोडली ती दुसरीनं. 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. लोकांनी आशेनं पुन्हा कर्ज काढून टायर घातले, विमा भरला. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि 16 मार्चपासून सगळं ठप्प.

मग काम शोधायचं. कुंडईला, वेर्ण्याला कारखाने आहेत की! पण काल मालक म्हणून मिरवलेला माणूस, पन्नाशीला टेकलेला, त्याला हेल्पर म्हणून कोण घेणार? मुलाला सरकारी नोकरी हवी. रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड, 15 वर्षांचा रहिवासी दाखला, सगळी फाईल तयार. वर कोणी तरी कानात सांगतो, 'थोडे पैसे लागतील.' 2024 मध्ये अशा फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांत गेल्या, तेव्हा शहरातले लोक चकित झाले. मला नवल वाटलं नाही. मंगळसूत्र गहाण ठेवून नोकरीच्या आधी नोकरीचं कर्ज करणारे मी पाहिले होते.

आणि जामीनदार! 1872 च्या करार कायद्याचं 128 वं कलम सांगतं, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सही करताना हे कोण वाचतो? शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं! कर्ज एकाचं, पगार कापला जातो दुसऱ्याचा, आणि दोन्ही घरांचं पाणी एकाच विहिरीचं.

एकदा जप्तीतला ट्रक विकला. आलेली रक्कम व्याजालाही पुरली नाही. उरलेल्या बाकीची नोटीस घेऊन मी जामीनदाराच्या घरी गेलो. त्याची आई ओट्यावर सुपारी सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ट्रक नेलात ना? मग आमच्या पोराची सहीपण न्या."

मी नोटीस ओट्यावर ठेवली. तिनं वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक सुपारी ठेवली.