व्हिनेगरचा वास येणारी गोळी

नमस्कार, श्रोतेहो. अ‍ॅस्पिरिनची जुनी बाटली कुठे पडून असेल, तर झाकण उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर त्या गोळ्या टाकून द्या. पण आधी त्या वासाची गोष्ट ऐका.

सुरुवात होते कडू चवीपासून. इंग्लंडमधले पाद्री एडवर्ड स्टोन यांनी एकदा विलोच्या झाडाची साल चाखली. कडूजहर! त्यांना हिवतापावरच्या सिंकोनाच्या कडू सालीची आठवण झाली. मग बेकरीच्या भट्टीवर तीन महिन्यांहून जास्त वाळवून, कुटून, ती साल त्यांनी थंडीतापाच्या सुमारे 50 रोग्यांना दिली आणि 1763 साली रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. ओलसर जागी ताप येतो, विलोही तिथेच वाढतो, म्हणजे उतारा जवळच असणार, हा त्यांचा तर्क. तर्क लंगडा, पण साल गुणाची निघाली!

पुढे त्या सालीतून सॅलिसिन मिळालं, त्यापासून सॅलिसिलिक आम्ल. त्याने दुखणं थांबे, पण पोटात आग पडे. 10 ऑगस्ट 1897 रोजी जर्मनीतल्या बायर या औषध कंपनीत रसायनतज्ज्ञ फेलिक्स हॉफमन यांनी या आम्लाला अ‍ॅसिटिल नावाचा अणूंचा गट जोडला, आणि अ‍ॅस्पिरिन तयार झालं. (फ्रेंच रसायनतज्ज्ञ गेरहार्ट यांनी 1853 मध्येच हे केलं होतं, पण त्यांचा पदार्थ शुद्ध नव्हता. कल्पना आपली होती, असं बायरमधलेच रसायनतज्ज्ञ आर्थर आइशेनग्र्यून यांनी 1949 साली मांडलं. श्रेयाचा वाद अजून आहेच.) अ‍ॅसिटिल म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचाच तुकडा. दमट हवेत तो सुटतो, आणि गोळीला तो वास येतो.

पोटासाठी जोडलेल्या या तुकड्याने पोट पुरतं वाचलं नाहीच. का, ते 1971 मध्ये ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांच्या कामातून उलगडलं. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही. सूज आणि ताप वाढवणारी ही रसायनं जठराचं अस्तरही सांभाळतात.

तुकड्याची खरी करामत मात्र रक्तात दिसते. शरीरात तो आपला रेणू सोडून प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) कायमचा चिकटतो. इतर पेशी नवं विकर तयार करतात. रक्ताची गुठळी धरणाऱ्या प्लेटलेट या पेशीला केंद्रकच नसतं, तिला ते जमत नाही. ती जगते आठ-दहा दिवस, आणि तेवढे दिवस गुठळी धरण्यात कच्ची राहते. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी डॉक्टर अ‍ॅस्पिरिनची चौकशी करतात, तेव्हा चार दिवसांपूर्वी घेतलेली एक गोळीसुद्धा सांगायची असते.