चिखलात ऐकलेला पूरिया धनाश्री

श्रोतेहो, नमस्कार.

१५ ऑगस्ट १९६९ हा शुक्रवार होता. न्यूयॉर्कमध्ये शिकणारे आम्ही दोघे मराठी विद्यार्थी त्या दिवशी एका मित्राच्या जुनाट मोटारीतून बेथेल नावाच्या गावाकडे निघालो होतो. वूडस्टॉक या नावाने जो संगीत महोत्सव पुढे जगभर गाजला, तो वूडस्टॉक गावात झालाच नाही. तो झाला तिथून बऱ्याच लांब, मॅक्स यास्गर या दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याच्या कुरणावर. तीन दिवसांचे तिकीट अठरा डॉलरचे, म्हणजे तेव्हाच्या साडेसातच्या भावाने १३५ रुपयांचे होते. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्याला ही चैनच. पण जाहिरातीत पंडित रविशंकरांचे नाव होते आणि आम्हांला तेवढे पुरेसे होते.

वाटेत वाहने इतकी तुंबली की लोक मोटारी रस्त्यातच टाकून चालू लागले. आम्हीही चाललो. पोहोचलो तेव्हा कुंपण अर्धवटच होते आणि तिकीट तपासायला कोणी उभे नव्हते, त्यामुळे माझे ते तिकीट आजही माझ्याकडे अखंड आहे.

सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र बसायची आम्हांला सवय असल्यामुळे आम्ही सतरंजी नेली होती, आणि बरोबर पाव व घरून आलेले लिंबाचे लोणचे. खाण्याचे हाल संध्याकाळीच सुरू झाले. शेजारच्या एका मुलीने लोणच्याची फोड अख्खी तोंडात टाकली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले, आणि डोळे पुसून तिने दुसरी मागितली.

पंडितजी रात्री दहाच्या सुमारास आले. साथीला उस्ताद अल्लारखा. तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या, हे मला नंतर कळले. राग पूरिया धनाश्री, म्हणजे खरे तर दिवेलागणीचा. त्याची वेळ केव्हाच टळून गेली होती, पण लाखोंच्या त्या गर्दीत ही खंत बाळगणारे आम्ही दोघेच असू. सतार सुरू असतानाच पाऊस आला. आम्ही सतरंजी डोक्यावर घेतली आणि तिच्याखाली अनोळखी पाचसहा जण शिरले. झपतालातले तबलावादन झाले तेव्हा माझा हात आपोआप मांडीवर ताल धरीत होता. शेजारचा तरुण ते बघून दहा मात्रा मोजायचा प्रयत्न करी आणि दर खेपेला सातव्या-आठव्या मात्रेला चुके. त्या चिखलातल्या गर्दीने आपल्याला पाण्यात डुंबणाऱ्या म्हशींची आठवण झाली, असे पंडितजींनी पुढे सांगितले. मी त्या म्हशींपैकीच एक, तरी मला त्यांचे म्हणणे पटते.

मध्यरात्रीनंतर अमेरिकन लोकगायिका जोन बाएझ गायल्या. त्या गरोदर होत्या आणि सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिल्याबद्दल त्यांचे पती तुरुंगात होते. सतरंजीखालची मुले एकाएकी गप्प झाली. व्हिएतनामच्या युद्धाचे बोलावणे त्यांच्यापैकी कोणालाही येऊ शकत होते; मी परदेशी विद्यार्थी, मला परीक्षेपलीकडे कसली धास्ती नव्हती. त्यांच्या युद्धाविरुद्धच्या बंडात मी पाहुणाच होतो, हे मला त्या क्षणी कळले.

गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला ऐकलेत का, असे लोक अजून विचारतात. नाही. ते सोमवारी सकाळी वाजवायला उभे राहिले, आणि आम्ही शनिवारी दुपारीच भुकेने परतलो होतो. वडिलांना मी हवाई पत्रात एवढेच लिहिले, की पंडितजींची मैफल ऐकली, बैठक उघड्यावर होती आणि लोणचे संपले आहे.