बाप्तिस्मा झाला, पण तारण मागितलं का?

प्रभू येशूच्या नावात सगळ्यांना सलाम.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये, वाँटेज इथे झाला. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, परत येऊन 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला हलवलं, विधवांना आसरा दिला. एवढं सगळं करून, बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, पण ख्रिस्त सापडलेला नाही. हे कुणा टीकाकाराचं म्हणणं नाही बरं का. बाईंनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय.

आपल्या मंडळीतल्या किती जणांची हीच गोष्ट आहे! आईच्या कडेवर असताना बाप्तिस्मा झाला, मग संडे स्कूल, दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी), गायनमंडळ, दर रविवारची उपासना. सगळं मनापासून केलं. पण “प्रभू, माझं तारण कर”, म्हणजे मला पापातून सोडव, हे स्वतःच्या तोंडाने एकदाही मागितलं नाही. आईबाबांच्या विश्वासात आपण वाढतो, हा मोठा आशीर्वाद आहे. मागायचं मात्र ज्याचं त्यानेच.

मग रमाबाईंनी काय केलं? हजारो श्लोक मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई. तिने आपली विद्याही पुढे केली नाही आणि समाजकार्यही नाही. स्वतःचे सगळे उपाय थकले, तेव्हा कुठलीही अट न घालता तिने स्वतःला तारणाऱ्याच्या हवाली केलं. माझ्यावर दया कर, माझी पापं दूर कर, तूच माझं नीतिमत्त्व हो, एवढंच तिचं मागणं.

(पडद्यावर: लूक 18:9–14)

हीच प्रार्थना लूकच्या शुभवर्तमानात, येशूच्या दाखल्यात आहे. यरुशलेमच्या मंदिरात दोघे जण प्रार्थनेला जातात. एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी; आठवड्यातून दोनदा उपास करणारा, मिळकतीचा दहावा हिस्सा देणारा, आणि हे सगळं तो देवाला ऐकवतो. नीट वाचा, त्याच्या प्रार्थनेत मागणं कुठेच नाही! दुसरा जकातदार, रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करणारा. तो दूर उभा राहतो, डोळेही वर करत नाही, ऊर बडवतो आणि म्हणतो, “हे देवा, मज पाप्यावर दया कर.” बस, एवढंच. आणि येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो हा.

आता काही जण मला विचारतात, “प्रार्थनेचे शब्द नेमके कोणते? चुकले तर?” बायबलमध्ये तारण मागण्याचा ठरलेला मसुदा नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेला गुन्हेगार त्याला फक्त म्हणाला, माझी आठवण कर. त्याच्याकडे बाप्तिस्मा घ्यायला वेळ नव्हता, कुणाचं नुकसान भरून द्यायलाही नव्हता. तरी त्याच दिवशीचं सुखलोकाचं वचन त्याला मिळालं.

पण ज्याच्याकडे वेळ आहे त्याचं काय? त्यासाठी या दाखल्याच्या पुढचाच, लूकचा एकोणिसावा अध्याय पाहा. जक्कय, तोही जकातदारच, मुख्य जकातदार. येशू आधी त्याच्या घरी जातो आणि मग जक्कय उभा राहून सांगतो, अर्धं धन गरिबांना देतो, ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. सुधारून मग येशूकडे जाऊ म्हणणारी माणसं आयुष्यभर थांबून राहतात. आणि येशूकडे गेलो पण बुडवलेले पैसे परत करणार नाही, असं म्हणणाऱ्याने आपला पश्चात्ताप तपासून पाहावा.

बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि तारण यांचं नातं कॅथलिक बांधव वेगळ्या पद्धतीने मांडतात, प्रोटेस्टंट मंडळ्यांतही मतभेद आहेत. पण तारण ही देवाची कृपा, आपली कमाई नव्हे, हे सगळेच मानतात.

अजून एक प्रश्न येतो. “मागितलं, पण काहीच वाटलं नाही. रडूसुद्धा आलं नाही.” रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात वचन आहे: जो कोणी प्रभूचं नाव घेऊन त्याचा धावा करील त्याचं तारण होईल. त्यात रडण्याची अट नाही. भावना आज असतील, उद्या नसतील. वचन ज्याने दिलं त्याच्यावर विसंबा.

आज रात्री लूकचा अठरावा आणि एकोणिसावा अध्याय वाचा, आणि तुमच्या शब्दांत मागा. बाप्तिस्मा झालेला नसेल, तर जवळच्या पाळकांशी बोला. आणि मागितलं असेल, तर घरात एखाद्याला तरी सांगा.