आठ डोळे, सात उपकुळं

[दृश्य: पानाची खालची बाजू. फिकट हिरवा, जवळजवळ पारदर्शक कोळी. कॅमेरा त्याच्या डोक्यावर.]

याच्या डोक्याच्या आत काहीतरी काळं सरकतंय, तिकडे लक्ष द्या.

उडी मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन मोठे डोळे बाहेरून हलत नाहीत. भिंग कवचात घट्ट बसलेलं असतं. त्याच्या मागे लांब नळी, नळीच्या तळाशी दृष्टिपटल, आणि ही नळी वळवायला सहा स्नायू. नजर फिरवायची तर कोळी नळी फिरवतो. तळ आपल्या रेषेत आला की डोळा काळा दिसतो, बाजूला गेला की हिरवट. एरवी हे सगळं जाड कवचाआड चालतं. हा असेमोनिया पारदर्शक आहे, म्हणून आपल्याला ते उघड बघायला मिळतं.

[दृश्य: तोच कोळी वरून, मग शेजारी भिंतीवरचा तपकिरी कोळी वरून.]

आता दोघांचे डोळे मोजा. आठ आणि आठ. मांडणी मात्र वेगळी. भिंतीवरच्या कोळ्याचे चार डोळे पुढे एका ओळीत, मागे दोन अगदी बारीक, त्यामागे आणखी दोन. तीन ओळी. असेमोनियाच्या मात्र दोन-दोन डोळ्यांच्या चार ओळी. सह्याद्रीच्या दमट रानात पानांखाली हा सापडतो. दक्षिणेकडे गेलं की त्याच्यासारखाच दिसणारा ओनोमॅस्टस मिळतो, आणि अमेरिकेच्या उष्ण कटिबंधात लिसोमॅनिस. तिघांचेही पाय लांब, रंग हिरवट, डोळे चार ओळींत. दीर्घकाळ या तिघांना एकाच उपकुळात ठेवलेलं होतं, आणि दिसण्यावर जायचं तर त्यात वावगं काहीच नव्हतं.

उडी मारणाऱ्या कोळ्यांचं कूळ म्हणजे सॉल्टिसिडी, कोळ्यांचं सगळ्यात मोठं कूळ. नाव मिळालेल्या जाती सहा हजारांच्या वर, आणि त्यातल्या बहुतेक उष्ण कटिबंधातल्या. एवढ्या गर्दीत कोण कोणाचा नातेवाईक, हे ठरवायचं कशावरून?

[दृश्य: रानवाट. उलटी धरलेली पांढरी छत्री, फांदीवर काठीचे ठोके.]

सुरुवात इथून होते. छत्री उलटी धरायची, कापड पांढरं हवं. फांदीवर दोन-तीन ठोके, जोरात आणि लागोपाठ. हळूहळू झटकलं तर कोळी धागा सोडून लोंबकळतो आणि छत्रीत न पडता परत वर चढतो. छत्रीत पडलेला कोळी उडी मारायच्या आत त्यावर काचेची नळी उपडी घालायची. अभयारण्यात यासाठी वनखात्याची परवानगी लागते, आणि ती आधी काढावी लागते.

छत्रीत जे पडतं त्यात पिल्लंच जास्त. पिल्लाची जात सांगता येत नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. शेवटची कात टाकायच्या आधीचा नर तर हमखास चकवतो. तोंडाजवळचे त्याचे दोन आखूड अवयव, म्हणजे पाल्प, फुगलेले दिसतात, पण आतली रचना अजून बंद असते. असा नर मिळाला तर त्याला मारू नये. नळीत ओल्या कापसाचा बोळा ठेवावा, फळांवरच्या माश्या खायला द्याव्यात आणि कात टाकेपर्यंत थांबावं.

[दृश्य: काचेच्या डबीत जिवंत कोळी, समोरून, वरून, बाजूने फोटो. मग छोट्या बाटल्या.]

आधी जिवंत फोटो. हिरवा रंग अल्कोहोलमध्ये टिकत नाही, आणि चमकणारे खवले घासून निघून जातात. फोटो झाल्यावर बाटली, आणि बाटली दोन प्रकारची. शरीररचना तपासायची असेल तर ७० ते ७५ टक्के इथेनॉल. डीएनए हवा असेल तर ९५ टक्के किंवा त्याहून जास्त, आणि बाटली उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये. सगळे नमुने ९५ टक्क्यांत ठेवावेत असं कुणालाही वाटेल. पण त्यात कोळी कडक होतो, पाय वळवायला गेलं की तुटतात. ७० टक्क्यांत तो मऊ राहतो, पण डीएनए हळूहळू तुटत जातो. म्हणून एकाच ठिकाणाहून दोन-तीन नमुने मिळाले तर ते दोन्हीकडे वाटून ठेवायचे.

[दृश्य: कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिणारा हात. चिठ्ठी बाटलीच्या आत सरकते.]

लेबल बाटलीच्या आत. पेन्सिल किंवा न विरघळणारी काळी शाई. बॉलपेनचं अक्षर इथेनॉलमध्ये काही दिवसांत पुसट होतं, आणि बाहेर चिकटवलेलं लेबल गळून पडतं. ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, कशावरून पकडला, कुणी पकडला. ही माहिती नसेल तर बाटलीत नुसता एक मेलेला कोळी राहतो, आणि त्याचा वर्गीकरणाला काहीही उपयोग नाही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली नराचा पाल्प. प्रकाश हळूहळू वाढतो.]

हा नराचा डावा पाल्प. चमच्यासारख्या खोलगट भागात एक फुगीर कंद बसलेला आहे. कंदातून वेटोळी घेत गेलेली काळसर रेषा म्हणजे शुक्रनलिका, आणि तिचं बाहेर आलेलं टोक म्हणजे एम्बोलस. नर आधी छोटंसं जाळं विणतो, त्यावर वीर्याचा थेंब ठेवतो आणि पाल्पात ओढून घेतो. एम्बोलस आखूड आहे की लांब, कंदाभोवती किती फिरलाय, पाल्पाच्या नडगीवरचा काटा सरळ आहे की आकड्यासारखा वळलेला: जात ठरते ती मुख्यतः यांवर. रेखाटन डाव्या पाल्पाचंच करायचा प्रघात आहे. डावा तुटला असेल तर उजवा काढून चित्र उलटं छापतात, आणि तसं लिहून ठेवतात. लिहायचं राहिलं तर पुढच्या माणसाला एम्बोलस उलट्या बाजूला वळलेला दिसतो, आणि तो एक नवीन जात जाहीर करून मोकळा होतो.

[दृश्य: मादीच्या पोटाखालची पट्टी सुईने कापली जाते. काचेच्या खोलगट पट्टीवर थेंब.]

मादीची ओळख पोटाखालच्या एपिगाइनमध्ये, म्हणजे जननेंद्रियाच्या कडक पट्टीत. वरून दिसतात ती फक्त छिद्रं. आतल्या नळ्या आणि शुक्रकोष बघायचे तर तो तुकडा कापून पारदर्शक करावा लागतो. लवंगेचं तेल, लॅक्टिक आम्ल किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं सौम्य द्रावण, यांपैकी एक. हायड्रॉक्साइड सगळ्यात झटपट काम करतं, आणि घात करण्यातही तेच पहिलं. थोडं जास्त वेळ ठेवलं की स्नायूंबरोबर नळ्याही मऊ पडून चपट्या होतात, आणि मग जे दिसतं त्याचं चित्र काढून उपयोग नसतो. लवंगेच्या तेलाला वेळ लागतो, पण ते काही बिघडवत नाही. घाई नसेल तर तेच वापरावं.

[दृश्य: जबड्याचा मागचा काठ, मोठा करून. एक दात. मग दुसरा कोळी, दुभंगलेला दात. मग तिसरा, दातांची रांग.]

पाल्प आणि एपिगाइन जात सांगतात. कुळातल्या मोठ्या शाखा ठरवायच्या तर वेगळा पुरावा लागतो. १९०१ ते १९०३ या काळात फ्रेंच अभ्यासक युजीन सायमन यांनी तो दातांत शोधला. जबड्याच्या मागच्या काठावर एकच दात असलेले कोळी एका गटात, दुभंगलेल्या दाताचे दुसऱ्या, अनेक दातांचे तिसऱ्या. जगभरातून आलेल्या नमुन्यांवर बेतलेली ही व्यवस्था वापरायला सोपी होती. सूक्ष्मदर्शक लावा, दात मोजा, कप्पा निवडा. विसाव्या शतकाचा मोठा भाग तिच्यावरच गेला.

अडचण अशी की दात खाण्याच्या आणि भांडण्याच्या सवयींप्रमाणे बदलतात. जबडा लांबला की दात वाढतात, आणि वेगवेगळ्या घराण्यांत हे स्वतंत्रपणे घडलेलं आहे.

सायमन यांचे नमुने पॅरिसच्या संग्रहालयात टिकून राहिले. म्हणूनच १९६३ साली अर्जेंटिनाच्या मारिया एलेना गॅलियानो यांना सायमन यांनी वर्णन केलेल्या अमेरिकी जाती मूळ नमुन्यांवरून पुन्हा तपासता आल्या, पाल्प आणि एपिगाइनच्या नीट चित्रांसह. पोलंडचे येझी प्रोशिन्स्की यांनी पुढे जगभरातल्या जातींची अशी चित्रं एकत्र केली. आज पश्चिम घाटातला कोळी ओळखायला बसलेला विद्यार्थी आधी तीच चित्रं उघडतो. बाटल्या जपल्या गेल्या नसत्या तर यातलं काही शक्य नव्हतं.

[दृश्य: तांबड्या मुंग्यांची रांग, पानं शिवून केलेलं घरटं. रांगेच्या कडेने एक 'मुंगी' वेगळी चालते.]

या रांगेत एक कोळी आहे. मिर्माप्लाटा. कंबर आवळलेली, पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरलेले, आणि डोक्याच्या बाजूंना मुंगीच्या डोळ्यांसारखे काळे ठिपके. नराचे जबडे इतके लांब आणि पुढे आलेले असतात की तो दुसरी मुंगी तोंडात धरून निघालेल्या मुंगीसारखा दिसतो.

दक्षिण अमेरिकेत सिनेमोसिना आणि सारिंडा हे कोळीही मुंग्यांची सोंगं घेतात. उत्तर अमेरिकेत पेकहॅमिया. आवळलेली कंबर, वर धरलेले पाय, चालण्याची ढब, सगळं जुळतं. मग हे भाऊबंद म्हणायचे का?

[दृश्य: चिमट्याने कोळ्याचा एक पाय काढून छोट्या नळीत. मग संगणकावर वंशवृक्ष.]

एक पाय पुरतो. त्यातून डीएनए काढतात आणि मोजकी जनुकं वाचतात. जवळच्या जातींची तुलना करायची तर माइटोकॉन्ड्रियातला सीओआय हा तुकडा कामाचा. जुन्या शाखांसाठी मात्र तो फार वेगाने बदलतो, एकाच जागी पुन्हा पुन्हा बदल होऊन खुणा पुसल्या जातात. तिथे २८एससारखा सावकाश बदलणारा तुकडा लागतो. वेन मॅडिसन आणि मार्शल हेडिन यांनी २००३ मध्ये अशा जनुकांवरून कुळाचा वंशवृक्ष मांडला. वंशवृक्ष तपासण्याचं मेस्किट हे सॉफ्टवेअरही मॅडिसन यांनी आपले भाऊ डेव्हिड यांच्याबरोबर लिहिलेलं आहे.

[दृश्य: जगाचा नकाशा, खंडांवर वेगवेगळे रंग.]

वृक्ष तयार झाला आणि दिसण्यावरून जुळवलेली बरीच नाती तुटली. आपला मिर्माप्लाटा ज्या शाखेत बसतो तिचं मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या बाजूला. सिनेमोसिना आणि सारिंडा दक्षिण अमेरिकी अमायकॉइड शाखेतले. पेकहॅमिया मार्पिसॉइड, म्हणजे पुन्हा अमेरिकी, पण निराळी शाखा. मुंगीचं सोंग या कुळात अनेकदा, स्वतंत्रपणे उभं राहिलंय. २०१२ साली बॉडनर आणि मॅडिसन यांनी हा पसारा काळाच्या पट्टीवर मांडला तेव्हा मोठ्या शाखांची वाढ खंड एकमेकांपासून दूर गेल्यानंतरची निघाली. म्हणून ब्राझीलचा कोळी आणि बोर्निओचा कोळी कितीही सारखे दिसले, तरी आधी शंका घ्यावी.

२०१५ मध्ये मॅडिसन यांनी या सगळ्यावरून नवी वर्गवारी प्रसिद्ध केली. तिच्यात सात उपकुळं. सुरुवातीचे तीन हिरवे सोबती आता तीन घरांत आहेत: लिसोमॅनिस, असेमोनिया आणि ओनोमॅस्टस आपापल्या स्वतंत्र उपकुळांत. दुसऱ्या कोळ्याच्या जाळ्यात शिरून त्यालाच खाणारा पोर्शिया स्पार्टीनी या उपकुळात. युपॉइनी आणि हिस्पोनिनी ही लहान घरं. आणि उरलेली प्रचंड गर्दी सॉल्टिसिनीमध्ये, भिंतीवरचा तपकिरी कोळीही त्यातच. सॉल्टिसिनीची ओळख डीएनएवाचूनही पटते. मादीच्या पाल्पाच्या टोकाची नखी गेलेली, आणि नराच्या कंदावरचा मधला उंचवटाही गेलेला. तेव्हा मान्य असलेल्या, जीवाश्म धरून ६१० जीनसांपैकी (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) ५८८ या चौकटीत कुठल्या ना कुठल्या उपकुळात बसले.

[दृश्य: संग्रहालयातले रॅक, बाटल्यांच्या रांगा, जुन्या लेबलांचे अक्षर.]

भारतात हे काम निम्म्यावरच आहे. टिकादरांनी झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात बसून शेकडो जातींची वर्णनं लिहिली, ती युरोपातले मूळ नमुने हाताशी नसताना. त्यामुळे काही जाती भलत्याच जीनसमध्ये गेल्या. १९७७ सालचा 'फिडिपस खंडाळाएन्सिस' घ्या. नावात खंडाळा, आणि फिडिपस हा जीनस अमेरिकेचा.

याउलट उदाहरण मुंबईच्या शेजारचं. ठाणे-कल्याण परिसरातून २०२१ मध्ये दोन नव्या जाती जाहीर झाल्या. त्यातल्या एकीला २६/११च्या हल्ल्यात शहीद झालेले पोलीस कर्मचारी तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी.

[दृश्य: मोबाइलवर कोळ्याचा सुंदर फोटो. बोट फोटो मोठा करतं.]

फोटो हवेतच. पण या फोटोत नडगीवरचा काटा दिसत नाही, शुक्रकोष दिसत नाहीत, जबड्याचा मागचा काठ दिसत नाही. यावरून जीनसचा अंदाज बांधता येईल. त्यापुढे जातीचं नाव ठोकून देणं म्हणजे निव्वळ हौस.

चुकीचं नाव पुढे जातींच्या याद्यांत, नकाशांत आणि प्रकल्पांच्या अहवालांत जसंच्या तसं उतरतं, आणि नमुना ज्या रानातून आला ते रान तोडलं गेलं की तपासायलाही काही उरत नाही.

[दृश्य: घाटातली झाडी, पांढरी छत्री पुन्हा उघडली जाते.]

खंडाळ्याचं नाव मिरवणाऱ्या अशा जातीला तिचा खरा जीनस द्यायचा तर लागणारं सामान फार नाही. मूळ नमुना बघण्याची परवानगी. त्याच परिसरातून पकडलेले प्रौढ नर आणि मादी, एकाच झाडावरचे असतील तर उत्तम. नराच्या डाव्या पाल्पाची दोन रेखाटनं, एक खालून आणि एक बाहेरच्या बाजूने. लवंगेच्या तेलात साफ केलेलं मादीचं एपिगाइन. एक पाय ९५ टक्के इथेनॉलमध्ये. आधी मादी हाती लागली, तर नर मिळेपर्यंत तिची बाटली लेबलसकट रॅकवर ठेवायची, आणि वर्षातून एकदा इथेनॉल किती उडालंय ते बघून भर घालायची.