गर्दीच्या मागची डोंबिवली

नमस्कार. डोंबिवली स्टेशनचा फोटो म्हटलं की तुम्हा-आम्हाला एकच चित्र दिसतं. सकाळची फास्ट, दारात लोंबकळणारी माणसं, फलाटावर मुंगी शिरायला जागा नाही. मीही कित्येक वर्षं तेच काढत होतो. १९९६ साली हातात पहिला कॅमेरा आला. छत्तीस फोटोंचा रोल भरायचा आणि मधल्या पुलावर जाऊन उभं राहायचं. कठड्यावरून खाली नुसती डोकी दिसायची. रोल कधी संपायचा कळत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्या निगेटिव्ह स्कॅन करायला बाहेर काढल्या आणि एका फोटोपाशी अडकलो. पुढे गर्दी होतीच. ती आजही आहे, उलट वाढलीय. पण उजव्या कडेला, अर्धं कापलं गेलेलं, वजनाचं यंत्र होतं. आठवतंय ना? आत लुकलुकणारे रंगीत दिवे, गोल फिरणारी चकती, नाणं टाकलं की खट्‌कन पडणारं जाड कार्ड. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. यंत्रावर शाळेच्या गणवेशातला एक मुलगा उभा आहे. शेजारी वडील. मुलाचं दप्तर त्यांनी आपल्या हातात घेतलंय, वजन बरोबर यावं म्हणून. हे मी त्या दिवशी पाहिलंच नव्हतं. मी गर्दी काढत होतो. त्या यंत्राचा समोरून, नीट काढलेला एकही फोटो माझ्याकडे नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी जुने फोटो कडेकडेने बघायला लागलो. गर्दी टिकली आणि तिच्या मागचं सगळं गेलं. पिवळ्या-तपकिरी गाड्या गेल्या. पुठ्ठ्याचं छोटं तिकीट गेलं, कूपन ठोकायचं यंत्र गेलं. मुंबईत १९२५ साली विजेची पहिली गाडी धावली ती डीसी करंटवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. २०१६ मध्ये हार्बर मार्गावर डीसीची शेवटची गाडी धावली आणि तो प्रकार संपला. त्याबरोबर जुन्या मोटरचा घरघरता चढता आवाजही गेला. आवाज काही माझ्या फोटोत आला नसता. पण त्या डब्यांच्या आतले, खिडकीशेजारच्या रिकाम्या बाकाचे फोटो तरी घेता आले असते. दुपारी अडीचच्या स्लोमध्ये डबाभर बाक रिकामे असायचे. तेव्हा वाटायचं, रिकाम्या बाकाचा काय फोटो काढायचा?

गावाचंही तेच. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ पासून निघते आहे, दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुण मुलंमुली नटूनथटून जमतात. या दोन दिवसांचे फोटो घराघरांत सापडतील. मंगळवारी दुपारी दोन वाजताचा फडके रोड, निम्मी शटर खाली, गणपती मंदिराच्या बाहेर फुलवाली पाणी शिंपडतेय, असा फोटो कोणाकडे आहे? डोंबिवली पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल २०१९ मध्ये बंद झाला आणि २०२१ मध्ये नवा पूल सुरू झाला. पाडकामाचे फोटो सगळ्यांकडे आहेत, माझ्याकडेही ढीगभर. जुन्या पुलावरून नुसती एक रिक्षा चाललीय, असा मात्र एकच निघाला, तोही हललेला.

म्हणून हल्ली मी काय करतो ते सांगतो. दर महिन्याला एकदा त्याच ठिकाणी, साधारण त्याच वेळी जातो. मोबाइल असला तरी पुरतो. छपराखाली अंधार आणि रुळांवर झगझगीत ऊन, हा फलाटावरचा कायमचा त्रास. उन्हाकडे बघून कॅमेऱ्याचं प्रकाशाचं मोजमाप धरलं तर माणसं काळी पडतात. मी डिसेंबर-जानेवारीची सकाळ धरतो, तेव्हा तिरपं ऊन छपराखाली आत येतं. पिवळ्या रेषेच्या मागे राहायचं, येणाऱ्या गाडीवर फ्लॅश मारायचा नाही, मोटरमनच्या डोळ्यांवर येतो. बायकांच्या डब्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. आणि घरी आल्यावर, त्याच रात्री, फोटोखाली तारीख, फलाट आणि तोंड कुठल्या बाजूला होतं, मुंबईच्या की कल्याणच्या, एवढं लिहायचं. माझ्या जुन्या पाकिटांवर काहीच लिहिलेलं नाही. वजनकाट्याचा तो फोटो कुठल्या फलाटावरचा, हे मला आज छातीठोक सांगता येत नाही.

आता एक विनंती. रामनगरात, विष्णुनगरात जुन्या तीन-चार मजली इमारती पुनर्विकासाला चालल्यात. त्यांच्या जिन्याखाली काळा लाकडी फलक असतो, रहिवाशांची नावं पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेली. कुणी घर विकलं की तेवढ्या ओळीवर काळा हात मारून वर नवं नाव लिहितात. तिरकं पाहिलं की खालचं नाव अजून वाचता येतं. मागच्या पावसाळ्यात असा एक फलक मी बघून ठेवला होता, रविवारी येऊ म्हणून. रविवारी गेलो तर पत्रे लागले होते. तुमच्या जिन्यात असा फलक असेल तर आज जाताना मला सांगून जा. मी उद्या सकाळीच येतो.